गाळलेलं पाणी

कॅन कुणीतरी घासून धुतला होता. नुसता रिकामा केला असता तर फ्लेव्हियाने वॉचमनच्या नावाने बोटं मोडली असती, सकाळी सकाळी गाड्या धुणाऱ्यांना शिव्या घातल्या असत्या आणि चार दिवसांनी विसरलीही असती. पण हा आतून-बाहेरून, तोंडाच्या आट्यांमधून बोट फिरवून लख्ख केलेला होता आणि आंब्याच्या पाराच्या कठड्यावर निथळत ठेवलेला होता. तिच्या हातात झाकण होतं. झाकण लावून कॅन वर न्यायचा, जेवणाच्या टेबलावरची भांडी हलवून सूक्ष्मदर्शक मांडायचा, कॉलेजला फोन करून रजा टाकायची, एवढा सगळा बेत तिने दात घासताना पक्का केला होता. काल रात्री परतीचा पाऊस असा कोसळला की भाईंदर पूर्वेचे निम्मे दुकानदार उंबऱ्याला फळ्या लावून पाणी अडवत बसले होते, आणि ही एकटी खिडकीत उभी राहून मनात म्हणत होती, अजून, अजून. साध्यासुध्या सरीने खोडावरून पाणी उतरत नाही. आधी पानं भिजतात, मग फांद्या, मग साल. सालीची तहान भागली की मगच पाणी वाट शोधत खाली येतं आणि येताना वर राहणाऱ्या बारीक जिवांना बरोबर घेऊन येतं. या मोसमातला हा शेवटचाच मोठा पाऊस. यानंतर थेट जून, आणि जूनपर्यंत थांबायला विद्यापीठ तयार नव्हतं. हाताशी आलेला घास असा कुणीतरी घासून, धुऊन, निथळत ठेवला होता.

"अंकल आये थे ना मॅडम," वॉचमन खुर्चीतूनच म्हणाला. "हंडा लेके आये थे. बोले, बहुत अच्छा पानी है."

कुठले अंकल, हे तिला विचारावं लागलं नाही.

लिफ्ट बंद होती. ते बरंच झालं, कारण जिना चढताना तिला राग नीट रचता आला. पहिल्या मजल्यापर्यंत तो फक्त बापावर होता. त्यापुढे तो पसरत गेला. सोसायटीतला तो आंबा खारी गावातल्या कुणाच्या तरी परसातला. गाव चोहोबाजूंनी इमारतींनी गिळलं, पण बिल्डरच्या नकाशात तो कोपऱ्यात पडला म्हणून वाचला. एका पावसाळ्यात ती त्याच्या आडोशाला उभी राहिली होती. पांढऱ्या बाहीचा हात खोडाला टेकला, त्यावरून पाण्याची धार वळली, आणि बाहीवर राहिलेला काळपट कचरा चालायला लागला. आयुष्यभर बेडूक आणि झुरळ शिकवलेली बाई ती. प्राणिशास्त्राची लेक्चरर, पीएचडी नाही म्हणून वर्षानुवर्षं त्याच खुर्चीवर, मागून आलेली पोरं विभागप्रमुख झालेली. तिला त्या बाहीने वेड लावलं. सालीच्या भेगांत, शेवाळात, बांडगुळाच्या बगलेत एक वस्ती असते: कोळ्यांच्या कुळातले बारीक तांबडे माइट, पोटाखालच्या काटकीने उडी मारणारे स्प्रिंगटेल, दोऱ्यासारखे वळवळणारे सूत्रकृमी, आठ आखूड पायांवर अस्वलासारखं डुलत चालणारं एक पारदर्शक ध्यान. त्यांना कुणी विचारत नाही. पाऊस येतो, धार लागते आणि ती मंडळी मातीत येऊन पडतात. पुढे काय होतं त्यांचं? मातीत संसार मांडतात की माती त्यांना खाऊन टाकते? खोडाभोवती तिरका वळसा घालून तिने उभा चिरलेला रबरी पाइप सिलिकॉनने चिकटवला आणि त्याचं तोंड कॅनमध्ये सोडलं, तेव्हा सोसायटीच्या चेअरमनने विचारलं होतं, मॅडम, झाडाचा ज्यूस काढताय का? शुगरवर चालतो का?

पहिल्या वर्षी तिने कॅनमध्ये रीतीप्रमाणे स्पिरिट घातलं. जे उतरलं ते जागच्या जागी मेलं, टिकलं, मोजता आलं. बाटल्या भरल्या. त्या बाटल्या घेऊन ती मुंबईला रोहित सरांकडे गेली. सर म्हणजे तिचा गाइड, वयाने तिच्या धाकट्या भावाहूनही लहान, बोलायला गोड. त्याने सगळं पाहिलं आणि पेन टेबलावर ठेवून एवढंच विचारलं, "मॅडम, ही खाली आली तेव्हा जिवंत होती का?" तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिनेच मारली होती, तेव्हा ती आधी मेलेली होती की नव्हती हे कोण सांगणार? झाडावरून मातीत प्राणी येतात म्हणायचं तर ते जिवंत यायला हवेत. मेलेले आले तर तो पालापाचोळा झाला, त्याला पीएचडी कशाला? म्हणून हे वर्ष बिनस्पिरिटचं. पण दिवसा पाऊस पडला की ती कॉलेजात अडकलेली, संध्याकाळी येऊन बघावं तर कॅन उन्हाने तापून आतले सगळे थंड, आणि ते खोडावर मेले की कॅनमध्ये हे देव जाणे. रात्रीचा गार, मोठा पाऊस आणि सकाळी लगेच उघडलेला कॅन, एवढंच तिला हवं होतं. सबंध पावसाळ्यात ते एकदाच जुळून आलं. जिवंत की मेलेले, इतका साधा प्रश्न होता. त्याचं उत्तर तिच्या बापाने हंड्यात ओतून घेतलं होतं.

दार उघडंच होतं. आत वेलचीचा वास. शेजारची सुगंधा, रत्नागिरीकडची, सोफ्यावर मांडी घालून बशीतून चहा पीत होती, आणि फ्लेव्हियाचा बाप, ऑगस्टीन, स्टुलावर बसून सुगंधाकडे कौतुकाने बघत होता. ऐंशीला टेकलेला माणूस, अंगात घरची बंडी, गळ्यात दोरीतल्या कापडी चौकोनांचं स्कॅप्युलर, दाढी नुकतीच केलेली.

"या मॅडम," सुगंधा म्हणाली. "अंकलनी काय चहा केलाय! म्हणतात, पावसाच्या पाण्याचा. आमच्या गावच्या चहाची आठवण झाली हो. इकडच्या टँकरच्या पाण्याला काय चव आहे?"

"झाडाचा पानी हाय," ऑगस्टीन म्हणाला. "पावसाचा नुसता न्हाय. झाडावरसून उतरलेला. घे बाय, तुला ठेवलाय."

त्याने कप पुढे केला. फ्लेव्हियाने तो घेतला. का घेतला ते तिलाही कळलं नाही. हातात आलेला कप टाकून देण्याइतकी ती अजून मोकळी झालेली नव्हती, सुगंधा समोर होती. चहावर दुधाची साय धरली होती. यात आहेत ते, तिला वाटलं, उकळलेले. मग लगेच वाटलं, नाहीत, याने गाळलं असणार. याने गाळल्याशिवाय कधी प्यायलंय काय?

तो हे पाणी उचलणार, हे खरं तर तिला आधीच माहीत असायला हवं होतं. मान्य करायची तिची तयारी नव्हती, पण जिन्यातच कधीतरी हे तिच्या ध्यानात आलं होतं, आणि त्याने राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता. उत्तनला, त्यांच्या गावी, आळीतली विहीर मचूळ. पावसाळ्यात अंगणातल्या माडांच्या खोडाला झावळीची पट्टी तिरकी बांधायची, पट्टीच्या टोकाखाली हंडा ठेवायचा, हंड्याच्या तोंडाला फडकं. रात्रभर माडावरून पाणी उतरायचं. ते पाणी च्याला, डाळीला, आजाऱ्याला. पहाटे उठून हंडे उचलायचं काम बापाचं, आणि फडक्यावर जमलेला कचरा त्याच माडाच्या बुडात झाडून टाकायचं काम फ्लेव्हियाचं. लहानपणी तिने एकदा ते फडकं मोरीत झटकलं तेव्हा आईने, सेलेस्टिनने, पाठीत धपाटा घातला होता. जिथलं तिथं टाकायचं, एवढंच म्हणाली. का, ते तिला ठाऊक नव्हतं, बापालाही नव्हतं, कुणीच कधी विचारलं नव्हतं. आणि त्या फडक्यावर काहीतरी हलायचं, हे फ्लेव्हियाने तेव्हाच पाहिलं होतं. मग एवढी वर्षं शिकून ती पुन्हा कुठे येऊन पोचली? झाडाला पट्टी, पट्टीखाली हंडा. म्हाताऱ्याने खिडकीतून बघितलं असेल आणि त्याला वाटलं असेल, पोरीने घरची रीत सोडली नाही. बिचारीला उचलायला वेळ होत नाही, कॉलेज असतं. आपण बसून काय करतो? असंच वाटलं असणार त्याला. या विचाराने तिला भडभडून आलं आणि त्या भडभडण्याचीच चीड आली. चूक करणाऱ्याने निदान वाईट तरी असावं, म्हणजे माणसाला मनसोक्त रागावता येतं.

सुगंधा गेली. दार लागलं.

"कुणाला विचारून घेतलंस पाणी?" फ्लेव्हियाने विचारलं. उत्तनच्या घरात बापाला तूच म्हणत. कॉलेजातल्या मैत्रिणींना ते ऐकून धक्का बसायचा, किती प्रेमाचं म्हणायच्या. या घडीला त्यात प्रेम नव्हतं.

"विचारायचा काय? भरला होता. वाहून जात होता."

"ते माझं कामाचं पाणी होतं, पप्पा. कॉलेजचं. वर्षभर वाट बघितली मी त्याची."

ऑगस्टीनने तिच्याकडे बघितलं. मग स्वयंपाकघराकडे बघितलं, जणू त्यातलं थोडं अजून तिथे असेल. "मी म्हटला, पियाचा हाय."

"पियाचं? इथे नळ आहे. दोन नळ आहेत. फिल्टर आहे. तुला कोणी सांगितलं झाडाखालचं पाणी प्यायला? उत्तन आहे का हे? माड आहेत का तुझे इथे? होते ते तूच दिलेस!"

हे ती बोलायची नव्हती. पण बोलली, आणि बोलल्यावर तिला बरं वाटलं, दुखरा दात जिभेने दाबल्यावर वाटतं तसं. घर ॲशलीला दिलं होतं. धाकटा, एकुलता एक मुलगा. कुणी तिला काही विचारलं नाही. चर्चमधल्या रविवारच्या मिस्सानंतर जेवताना बापाने ताटातली बोंबलाची कोशिंबीर वाढून घेत सांगितलं, घर ॲशलीच्या नावावर केला हाय, तुला शिकवला ना. शिकवलं, म्हणजे फिटलं. ॲशलीने अंगणातले माड पाडून त्या जागी खोल्या बांधल्या, वीकएंडला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला, आणि त्या खोल्यांत बापाला बसायला जागा उरली नाही. खोकतो, पाहुण्यांना आवडत नाही, असं ॲलिशाने, ॲशलीच्या बायकोने, अगदी लाडात सांगितलं. एका दुपारी ॲशली त्याला रिक्षातून इथे सोडून गेला, थोडे दिवस, म्हणून. फ्लेव्हियाने लग्न केलं नव्हतं, तिच्याकडे जागा होती, सगळ्यांनी तसं गृहीत धरलं. ज्याला भाकर दिली तो दारात उभं करत नाही, आणि उपाशी ठेवली ती जेवू घालते. आळीत याला फ्लेव्हियाचा चांगुलपणा म्हणत. तिला स्वतःला तो चांगुलपणा कधी सापडला नाही. सापडायचं ते एवढंच की रोज रात्री दोन पोळ्या जास्त लाटाव्या लागतात आणि हा माणूस त्या न बोलता खातो. माडांबद्दल एक अक्षर कधी बोलला नाही. रडला नाही. तो एकदा रडला असता तर तिने कदाचित सगळं सोडून दिलं असतं.

आताही तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला. मग म्हणाला, "गाळून घेतला मी. फडक्यातला फेकला न्हाय. झाडाच्या बुडात झाडला."

"उपकार केलेस," ती म्हणाली.

पण ती चपला घालून खाली गेली. पाराच्या आत आंब्याच्या बुडाशी माती ओली होती, काळी, वर पानांचा लगदा. इथे झाडलं त्याने. ती उकिडवी बसली. मूठभर माती उचलून वर नेली तर तिच्यात जिवंत स्प्रिंगटेल निघणार, माइट निघणार, हवे तेवढे निघणार. मातीत ते असतातच. काल रात्री उतरलेले कोणते आणि पणजोबापासून इथेच राहणारे कोणते, हे त्यांच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. तिने मूठ भरली. माती बोटांच्या बेचक्यांत शिरली. कॅनमध्ये थोडं पाणी घालायचं, त्यात ही माती ढवळायची, फोटो काढायचा. रोहित सर कुठे बघायला येणार आहेत? त्यांना उत्तर हवं आहे, बाई नको आहे. एवढी वर्षं ज्यांनी तिला मागे ठेवलं त्यांच्यातला कोण असा धुतल्या तांदळाचा होता? ती तशीच बसून राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका बघायला लागल्या तेव्हा तिने मूठ सोडली आणि हात साडीला पुसला. प्रामाणिकपणा म्हणून नव्हे. तिला खोटं उत्तर नको होतं, कारण तिला खरं माहीत नव्हतं. आणि खोटं लिहिलं असतं तर ते यापुढे कधीच माहीत झालं नसतं.

वर आली तेव्हा ऑगस्टीन मोरीत हंडा घासत होता. बाल्कनीच्या दोरीवर फडकं वाळत होतं. त्याच्याच जुन्या लुंगीचा तुकडा, चौघडी. तिने ते ओढलं. कडा वाळलेल्या, पण घडीच्या आत, शिवणीपाशी, अजून ओलं होतं. झाडला म्हणजे त्याने फडकं झटकलं होतं, धुतलं नव्हतं. कॅन एवढा घासून धुतला आणि फडकं नुसतं झटकलं, कारण फडक्यात साबण घालायचा नसतो, च्याला वास लागतो. तिने जेवणाच्या टेबलावरचं सगळं बाजूला लोटून सूक्ष्मदर्शक मांडला. काचेच्या बशीत बाटलीतलं पाणी घातलं, फडक्याची शिवण उलगडून त्यात बुडवली, हलवली, अलगद पिळली. बशी भिंगाखाली सरकवली आणि डोळा लावला.

आधी नुसते धागे. आंब्याच्या सालीचा चुरा, कुठल्यातरी पाखराच्या पिसाचा काटा, शेवाळाचे तुकडे. मग एका तुकड्याच्या आडून एक तांबडा माइट बाहेर आला. आला म्हणजे चालत आला, पाय टाकत, काहीतरी विसरून परत निघाल्यासारखा. त्याच्या मागे एक स्प्रिंगटेल, पाण्याच्या पृष्ठभागावर. तिने श्वास सोडला तसा तो उडाला आणि बशीच्या पलीकडच्या काठाला जाऊन पडला. सूत्रकृमी होते, इंग्रजी आठ काढत वळवळत होते. आणि शेवाळाच्या पानाला आठ पायांनी धरून ते पारदर्शक अस्वल, एकेक पाय सोडून पुन्हा रोवत, कुठलीही घाई नसल्यासारखं. एवढ्या उंचावरून रात्रीच्या पावसात घसरत, पाइपातून, कॅनमधून, फडक्यातून, झटकून, दोरीवर टांगून आलेली ती सगळी जिवंत होती. फ्लेव्हियाच्या अंगावर काटा आला. ती हसली, मोठ्याने, एकटीच. हे कुणालाही दाखवता येणार नव्हतं. लुंगीच्या तुकड्यातून काढलेला नमुना कुठला शोधनिबंध छापणार? याच्यावर पदवी मिळणार नव्हती. पण तिला कळलं होतं. जगात आत्ता या आंब्याबद्दल हे तिला एकटीलाच ठाऊक होतं, आणि कुणाला तरी सांगावं म्हणून तिने मान वर केली तर सांगायला घरात एकच माणूस होता.

तो मागेच उभा होता. हात पंचाला पुसत. किती वेळ, कोण जाणे.

"जिती हायत?" त्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर अपराध होता आणि अपराधाच्या मागून हळूच डोकावणारी आशा होती, लहान मुलासारखी, की आपल्या हातून फार बिघडलेलं नाही. हो म्हणायचा अवकाश, तो सुटला असता. तो हसला असता. सुगंधाला सांगितलं असतं, रविवारी चर्चबाहेर सांगितलं असतं, माझ्या फडक्यात जिती सापडली पोरीला. ॲशलीला फोन करून सांगितलं असतं. आणि माडांचं काय? दोन पोळ्यांचं काय? तो प्रत्येक वेळी असाच सुटत आला होता, साधेपणाने, काही कळत नव्हतं म्हणून. एकदा तरी याला काहीतरी लागावं, असं तिला वाटलं. तिच्या तोंडून शब्द किती सहज बाहेर आला याचं तिलाच नवल वाटलं.

"नाही," ती म्हणाली. "मेली सगळी."

ऑगस्टीनने छातीवर क्रूसाची खूण केली, बारक्या जिवांसाठी केली की स्वतःसाठी, सांगता येत नाही. मग थोडा वेळ तो त्या बशीकडे बघत राहिला. त्याला तिथे पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. मग त्याची नजर कपाटावर गेली, जिथे गेल्या वर्षीच्या स्पिरिटच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या.

"मेलेली तर तुझ्याकडं ढीगभर हायत," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिने परतवला असता. "ही कशाला ठेवतेस बाय? वास येल."

आणि आपल्या हातून बिघडलेलं जेवढं सावरता येईल तेवढं सावरावं, अशा हळुवार हाताने त्याने भिंगाखालची बशी उचलली. थेंबही न सांडता, दोन्ही हातांनी धरून, तो ती स्वयंपाकघरात घेऊन गेला. फ्लेव्हिया अर्धवट उठली. थांब, एवढंच म्हणायचं होतं. थांब म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. आत नळ सुरू झाला, भांड्यांच्या बेसिनमधला, आणि ती खुर्चीत परत बसली.